झोपलेल्या डोंगराची गॅरंटी

“म्याडम, आग दिसंल ना? नक्की?”

नाना म्हात्रे टेबलाच्या पलीकडे बसून तिसऱ्यांदा विचारत होते. मी तिसऱ्यांदा ब्रोशर उघडलं, त्यांच्याकडे फिरवलं आणि फोटोवर नेलपॉलिश लावलेलं बोट टेकवलं. काळाकभिन्न डोंगर, आणि त्याच्या अंगावरून ओघळणारा लालभडक लाव्हा.

“हॉटेलच्या बाल्कनीतून दिसेल नाना. चहा पिता पिता. गॅरंटी.”

याला आता पंधरा-एक वर्षं झाली. सीबीडी बेलापूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी तेव्हा नोकरीला होते. कार्डावर छापलं होतं ‘डेस्टिनेशन एक्स्पर्ट, लॅटिन अमेरिका’. गळ्यात कंपनीचा स्कार्फ, ओठांना मरून लिपस्टिक, आणि ‘कोस्टा रिका’ म्हणताना जीभ अशी काही वळायची की जणू माझं माहेरच तिथलं. प्रत्यक्षात मी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. जंगली प्राणी पाहिले होते ते राणीच्या बागेत, तेही शाळेच्या सहलीत. वय पंचेचाळीस होतं. अक्कल यायला निघाली होती, पण अजून पोचली नव्हती.

नाना खाडीकाठच्या एका गावातले. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे भातशेती आणि मिठागरं होती. नानांच्या वेळी तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या. घरात अकरा माणसं. सगळं गाव दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड करून बसलेलं, त्यामुळे नानांची अट एकच होती.

“आमच्या गावातला कोनी गेला नाय, असा कायतरी दाखवा.”

मी कोस्टा रिका काढलं. रेनफॉरेस्ट, म्हणजे बारमाही पावसाचं दाट जंगल. त्यात माकडं, टुकान पक्षी, स्लॉथ. आणि वर ज्वालामुखी. नानांची बहीण न्यू जर्सीला, त्यामुळे सगळ्यांकडे अमेरिकेचा व्हिसा होताच. तो असला की तिकडे वेगळा व्हिसा लागत नाही. माझं अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे आयटिनररी. कुठल्या दिवशी कुठे, किती वाजता, काय बघायचं, याचा तक्ता. तो कसा बनतो हे लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. परदेशातलं खरं काम ग्राउंड हँडलर करतो. हा तिथला स्थानिक माणूस. गाडी त्याची, गाइड त्याचा, हॉटेलवाल्याशी भांडणार तोच. आम्ही इथे एसीत बसून फक्त विशेषणं पुरवायची. मी चार वर्षांपूर्वीची एक जुनी फाइल उघडली, ‘मिस्टर अँड मिसेस’च्या जागी ‘म्हात्रे फॅमिली, ११ पॅक्स’ टाइप केलं (पॅक्स म्हणजे माणसं, आम्ही माणसांना माणसं म्हणत नाही), आणि जिथे ‘सुंदर’ होतं तिथे ‘अविस्मरणीय’ केलं. पाऊण तासात दहा दिवस तयार.

आमचे बॉस, सावंत सर, खूश. “हे नीट पार पाड. लाँग हॉल डेस्क तुझं.” लाँग हॉल म्हणजे लांब पल्ल्याचे देश. त्या डेस्कला काचेची केबिन होती. माझा जीव त्या काचेत अडकला होता.

पण नानांच्या घरी नानांच्या शब्दावर काही ठरत नसे. ठरवायची त्यांची आई. पंच्याहत्तरीची, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, सगळं गाव तिला ‘आय’ म्हणायचं. तिची मंजुरी घ्यायला मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये अकराच्या अकरा जण सोफ्यावर आणि जमिनीवर. मी सुरू केलं.

“रेनफॉरेस्टमध्ये खूप दमटपणा असतो बरं का. चिखल असतो. पाय रुतू शकतो. घाबरायचं नाही. मॅन्ग्रोव्हमध्ये, म्हणजे खारफुटीत, बोटीने जायचं असतं...”

आयने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर सॅंडलवर थांबली.

“पोरी, तू चिकलान कवा उतरलीस?”

“म्हणजे... मी स्वतः नाही, पण...”

“आमी चिंबोऱ्या-खेकडे धरून मोठ्या झालो गो. गुडघाभर चिकलान. तू आमाला चिकल शिकवतंस?”

सगळा हॉल हसला. मीही हसले, एक्स्पर्ट हसतात तसं, खालचे दात न दाखवता. मग स्लॉथचा फोटो लावला. “हा दिवसभर झाडाला लटकून झोपतो. आठवड्यातून एकदा खाली उतरतो.”

“आमचा धाकटा,” आय म्हणाली. “त्यो पन घरानच हाय. त्याला बगाया इमानान कशाला बसायचा?”

नानांचे धाकटे भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, “आय, मी आयकतोय हां.”

शेवटी लाव्हाची स्लाइड आली आणि आय उठली. पुढे सरकली. स्क्रीनवर हात ठेवला. तिच्या गावामागचा डोंगर खाणवाल्यांनी तिच्या डोळ्यांदेखत फोडून नेला होता. लहानपणी ती ज्या कड्यावर गुरं घेऊन जायची, तो कडा आता कुणाच्या तरी पार्किंगखाली खडी होऊन पडलाय, असं तिनेच मला सांगितलं.

“डोंगर फोडताना लय बगला,” ती म्हणाली. “सोताहून पेटनारा डोंगर नाय बगला. यो खरंच असा वाहातो?”

इथे माझ्यासारख्या बाईने म्हणायला हवं होतं, ‘विचारून सांगते.’ मी म्हणाले, “चोवीस तास, आय.”

“मंग जाव,” आय म्हणाली. “माकरा-बिकरा तुमी बगा. मना डोंगर दाखवा.”

आता बॅनरची गोष्ट. आमच्याकडच्या गावांत कुणी परदेशी निघालं की नाक्यावर फ्लेक्स लागतो. वाढदिवसाला लागतो तसाच. बाकीकडे परत आल्यावर अभिनंदन करतात. इथे निघायच्या आधीच करतात. नानांनी वीस फुटी फ्लेक्स लावला. मधोमध माझ्या ब्रोशरमधला लाल लाव्हा, भोवती अकरा चेहरे गोल गोल चौकटींत, वर ‘ज्वालामुखी दर्शन व जंगल सफारी दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. आणि खाली उजव्या कोपऱ्यात मी. स्कार्फसकट. ‘मार्गदर्शक’.

फोटो नानांनी मागितला नव्हता. मीच मेल केला होता. दोन पाठवले होते, त्यांना चांगला वाटेल तो घ्या म्हणून.

निघायला नऊ दिवस होते तेव्हा मी ग्राउंड हँडलरचे मेल प्रिंट करायला घेतले. वाचायला नाही, फाइलला लावायला. फाइल जाड दिसली की क्लायंटला बरं वाटतं. प्रिंटरमधून पान बाहेर येता येता एक ओळ दिसली. त्या माणसाने सभ्यपणे लिहिलं होतं, की आपल्या तक्त्यात ‘लाव्हा दर्शन’ आहे, पण आमचा ज्वालामुखी हल्ली शांत झाला आहे, लाव्हा दिसत नाही, कृपया पाहुण्यांना आधी कळवावे. मेल तीन आठवड्यांपूर्वीचा होता. खाली त्याने दोनदा आठवणही केली होती.

मी ते पान घेऊन सावंत सरांकडे गेले. जाताना लिपस्टिक ठीक केली.

“सर, डोंगर बंद पडलाय.”

“म्हणजे? तिकीट काउंटर बंद आहे?”

“नाही सर. डोंगरच. आतून.”

त्यांनी पान वाचलं. पेन फिरवलं. “आपल्या टर्म्समध्ये ‘सब्जेक्ट टू वेदर’ आहे ना?” म्हणजे हवामानावर अवलंबून.

“आहे. पण हा वेदरचा प्रश्न नाही.”

“तिथे ढग असतात की नसतात?”

“असतात.”

“मग झालं तर. आता पार्टी फोडू नकोस. परत आले की बघू.” पार्टी म्हणजे क्लायंट. फोडणे म्हणजे त्याला खरं सांगणे. “केबिनच्या पडद्याचा रंग निवडलास का?”

मी निवडला होता. आकाशी.

जागेवर येऊन मी फाइल उघडली आणि ‘लाव्हा दर्शन’ खोडून ‘ज्वालामुखी परिसर दर्शन’ केलं. एवढंच. डोंगर गेला तरी परिसर राहतोच. नवं पान नानांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते न वाचता कपाळाला लावलं आणि बॅगेत ठेवलं. मला त्या क्षणी लाज वाटली असं लिहायचा मोह होतोय. पण वाटलं ते असं: सुटले.

अकरा जण विमानात बसले.

तिथली आणि आपली घड्याळं जवळजवळ उलटी. इथे सकाळचे आठ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्री साडेआठ. रोज मी ऑफिसला निघायच्या आधी नानांचा फोन यायचा आणि दिवसाचा वृत्तांत मिळायचा.

पहिले चार दिवस मी हवेत होते. पहाटे साडेपाचची पक्षीफेरी मी भीत भीत ठेवली होती. आमचे नेहमीचे क्लायंट सुट्टीत नऊच्या आधी डोळे उघडत नाहीत. म्हात्रे मंडळी चारलाच आंघोळी करून हॉटेलच्या लॉबीत बसली होती; गाइडला उठवायला आयने नातसुनेला पाठवलं. खारफुटीतल्या बोटीवर तर गाइडचं काही चाललं नाही. तो दुर्बीण लावून डावीकडे शोधत असताना आयने उजवीकडे बोट दाखवलं. मुळांखाली मगर होती.

“त्याला कशी दिसली नाही?” मी विचारलं.

नाना म्हणाले, “आय बोलते, पानी बगायचा नसतो. पान्याच्या बाजूचे बगले बगायचे. ते उडाले नि परत बसले नाय, म्हंजी तिथं कोनतरी हाय.”

तो गाइड आयला मग रोज पुढच्या सीटवर बसवायला लागला. स्लॉथ मात्र आयला पटला नाही. अर्धा तास खाली उभी राहिली, तो हलला नाही. “याला कामाला लावा कोनतरी,” म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

पाचव्या दिवशी मंडळी ज्वालामुखीच्या गावात पोचली. त्या दिवशी सकाळी मी फोनकडे बघत बसले. वाजला.

“म्याडम, डोंगरच दिसत नाय. सगला ढग.”

मला देवघरात जाऊन दिवा लावावासा वाटला. लावलाही. “नाना, निसर्ग आहे. आपल्या हातात नाही ते.” आवाज असा हळहळता, की मलाच खरा वाटला. दुसऱ्या दिवशीही ढग. मी कोस्टा रिकाचं हवामान दर तासाला बघत होते आणि पावसाचं चित्र आलं की टेबलाखाली मूठ आवळत होते. सावंत सर जाता जाता विचारायचे, “ढग?” मी म्हणायचे, “ढग.” ते अंगठा दाखवायचे. पंच्याहत्तर वर्षांची एक बाई खिडकीशी खुर्ची ठेवून दोन दिवस बसून आहे, जेवायलाही उठत नाही, हे नानांनी मला फोनवर सांगितलं होतं. तरी मी मूठ आवळतच होते.

तिसऱ्या दिवशी फोन सकाळी आला नाही. आला तो संध्याकाळी साडेपाचला, ऑफिस भरलेलं असताना. म्हणजे तिथे पहाटेचे सहा.

“म्याडम, ढग गेलं. डोंगर लख्ख दिसतोय. पायापासून डोक्यापर्यंत.”

“अरे वा!” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“आग कुठं हाय?”

मी सुरू केलं. “नाना, कसं असतं, की ज्वालामुखीची ॲक्टिव्हिटी ही...”

“गाइड बोलला डोंगर झोपलाय. लय दिवस झाले. बोलला, तुमच्या एजंटला लिवून कलवलंय. तीनदा.” नानांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. “तुमाला म्हाईत होता?”

सावंत सर माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले होते. ते नुसते ओठ हलवून म्हणाले: वेदर. वेदर.

तेवढ्यात पलीकडे खुडबुड झाली आणि आयचा आवाज आला. “पोरी, खरा सांग. तुला ठावं होता?”

मी सावंत सरांकडे पाठ केली. “होतं, आय.”

“कवापासून?”

“तुम्ही निघायच्या आधी नऊ दिवस.”

फोनवर कोंबडे ऐकू येत होते. तिथले कोंबडेही आपल्यासारखेच ओरडतात, ही माझी कोस्टा रिकाबद्दलची पहिली खात्रीची माहिती.

“मंग सांगायचा होता,” आय म्हणाली. “झोपलेला डोंगर बगाया पन मी आली असती. झोपलाय, मेला नाय. काल रातीला त्याच्या पायथ्याला नदी हाय तिथं पाय घातले. पानी कडक. आतून अंग तापलंय त्याचं. पन तू मना दोन दिस खुर्चीन बसवलास, आग येल म्हनून. त्या ढगाकडं बगत.”

मागून नाना ओरडले, “गरम पानी तर वज्रेश्वरीला पन हाय म्याडम! तिथं यस्टी जाते!”

“तू गप,” आय त्यांना म्हणाली. मग मला: “नाक्यावर तुजा फोटू हाय ना?”

“हो.”

“मंग नाक्यावर जा नि तूच सांग लोकांना. आमी आल्यावर आमाला कोनी हसाया नको. हसायचा तर तुला हसूंदे.”

फोन बंद झाला. सावंत सर म्हणाले, “भावनेच्या भरात कबूल करायची काही गरज नव्हती.” मी पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या नाक्यावर उभी होते. सोबत फ्लेक्सवाला आणि त्याची शिडी. त्याच्याकडून मी एक पांढरी पट्टी छापून घेतली होती: ‘सूचना: हा फोटो जुना आहे. डोंगर सध्या शांत आहे. चूक मार्गदर्शकाची.’ फ्लेक्सवाला शिडीवर चढून पट्टी डकवत होता आणि खाली गाव जमत होतं. मासळी घेऊन बसलेली एक बाई टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणाली, “काय गो, ती फोटोमधली तूच ना?”

“हो.”

“काय झाला?”

मी सांगितलं. सगळं. ब्रोशर, जुनी फाइल, मेल, ढग. सांगताना मी दोनदा ‘ॲक्च्युअली’ म्हणाले, तेवढीच माझी प्रतिष्ठा शिल्लक होती.

“म्हंजी तू सोता बगला नवता?”

“नाही.”

“नि मार्गदर्शक म्हनून फोटो लावलास?”

“हो.”

“मंग माजा पन लावायचा होता. मी पन नाय बगला.”

चहाच्या टपरीवरून हसण्याचा जो स्फोट झाला, त्याने तो डोंगर जागा झाला असता. शिडीवरचा फ्लेक्सवालासुद्धा हसला आणि पट्टी तिरकी लागली. ती तशीच राहिली. पुढचे दोन आठवडे मी त्या नाक्यावर तिरक्या सूचनेच्या खाली हसत होते.

म्हात्रे मंडळी परत आली तेव्हा गावाने त्यांना काही विचारलं नाही. विचारायचं ते सगळं मला विचारून झालं होतं. नानांनी पुन्हा कधी आमच्याकडे बुकिंग केलं नाही. मला राग आला नाही; मी त्यांच्या जागी असते तर पट्टी आणखी मोठी छापायला सांगितली असती.

काचेची केबिन दुसऱ्या एका एक्स्पर्टला मिळाली. तो तर ब्राझीलची राजधानी रिओ म्हणायचा, पण फोनवर खरं बोलण्याची खोड त्याला नव्हती. मला वर्षभर व्हिसा काउंटरला बसवलं. लोकांचे फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर आहेत की नाहीत ते पट्टीने मोजायचं. त्या वर्षीच्या ॲन्युअल मीटला सावंत सरांनी ‘क्लायंटशी पारदर्शकता’ या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. उदाहरण माझंच दिलं, नाव न घेता.

व्हिसा काउंटरवरून परत आयटिनररीवर आले, तेव्हा माझ्या प्रत्येक तक्त्यात मी एक रकाना वाढवला: ‘हे कोणी पाहिलं? कधी?’ त्यात नाव आणि महिना लिहायचा. लिहिता आला नाही, तर तिथल्या माणसाला फोन करायचा, आणि मेल आला तर प्रिंट काढण्याआधी वाचायचा. बहुतेक फाइलींत तो रकाना पहिल्यांदा रिकामाच निघायचा. ऑफिसातली पोरं त्याला ‘मॅडमचं पश्चात्तापाचं खातं’ म्हणायची. निवृत्त होईपर्यंत मी तो भरत राहिले.

तेव्हा घरच्यांना घेऊन जंगल, प्राणी आणि ज्वालामुखी असं काही ठरवत असाल, तर समोरच्या एक्स्पर्टला एवढंच विचारा, की हा फोटो कुणी काढला आणि कधी. तो उत्तर न देता तुम्हाला लगेच दुसरा फोटो दाखवायला लागला, तर चहा संपवा आणि उठा. ‘माहीत नाही, चौकशी करून उद्या सांगतो’ म्हणाला, तर त्याच्याकडेच बुकिंग करा. माणूस बहुधा कंटाळवाणा असेल. सुट्टी काही त्याच्याबरोबर घालवायची नसते.